चार माणसांत बोलण्याची भीति

दिवाळी सरली आणि धानाची कापणी उरकली, कीं चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या जंगलपट्टींत नाटकांचा हंगाम सुरू होतो. या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा या भागांत कोठें ना कोठें शंकरपट भरतो. दिवसा बैलजोड्या धांवतात, आणि रात्रीं मंडपांत नाटक उभें राहतें तें पहांटेपर्यंत चालतें. सिंदेवाही तालुक्यांतील नवरगांवासारख्या गांवीं ही हौस पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वडशास तर आतां व्यावसायिक नाटक मंडळ्यांची पेठच वसली आहे. आणि याच रंगभूमीवरील परशुराम खुणे या नटास २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, हें सर्वांस ठाऊक आहे.

गांवोगांवच्या हौशी नाटकांत आणि दंडारींत काम करणारीं माणसें कोठून बाहेरून येत नाहींत. तीं त्याच शिवारांत नांगर धरणारीं असतात. त्यांतलाच एखादा गडी रात्रीं हजार प्रेक्षकांपुढें मुकुट चढवून अशी गर्जना करतो कीं मागच्या रांगेंतील झोंपलेलीं मुलें जागीं व्हावींत. पण त्याच गड्यास त्याच महिन्यांत ग्रामसभेंत उभें राहून, ‘माझ्या दोन बांध्यांतला धान रानडुकरांनीं खाल्ला, पंचनामा अजून झाला नाहीं,’ एवढें एकच वाक्य बोलावयाचें असलें, म्हणजे तो दुपट्ट्याचें टोंक चिवडीत खालीं मान घालून बसतो. शेजाऱ्यानें कोपरानें ढोसलें तरी उठत नाहीं. सभा संपल्यावर मात्र चहाच्या टपरीवर तो सारी हकीकत तपशीलवार सांगतो, आणि तीहि फार चांगली सांगतो.

हा चमत्कार नीट पाहण्यासारखा आहे; कारण चार माणसांत बोलण्याच्या भीतीविषयीं जे कांहीं समज रूढ आहेत ते या एका माणसानें खोटे ठरतात. त्याला शब्द येत नाहींत असें नाहीं. आवाज नाहीं असें नाहीं. लोकांची संवय नाहीं असेंहि म्हणतां येत नाहीं. मग तो गप्प कां बसतो?

प्रथम शरीराचें काय होतें तें पाहूं. भय वाटतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहान ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन नांवाचा रस रक्तांत सुटतो. छाती धडधडते, श्वास उथळ होतो, हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे रक्त धांवतें, बोटें गार पडतात, तोंडास कोरड पडते. अमेरिकेंतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत या सर्व लक्षणांचा उलगडा केला: संकट पुढें आलें म्हणजे प्राण्याचें शरीर झुंजण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतें. सिंदेवाहीच्या जंगलांत मोहफुलें वेंचतांना वाघ दिसला तर शरीर जें करतें तेंच तें सभेंतहि करतें. फरक एवढाच कीं वाघापुढून पळतां तरी येतें; सभेंत पळतांहि येत नाहीं आणि झुंजतांहि येत नाहीं, आणि पळण्यासाठीं जमविलेलें सारें बळ गुडघ्यांच्या थरथरीत खर्चीं पडतें.

ही थरथर म्हणजे भित्रेपणाची खूण नव्हे. ती नटालाहि पडद्याआड सुटतेच. पण नटाजवळ अशा तीन गोष्टी असतात ज्या ग्रामसभेंत कोणाजवळ नसतात. पहिली, त्याच्या तोंडचे शब्द दुसऱ्यानें लिहिलेले असतात. ते फसले तर नाटककार फसला. दुसरी, तोंडाला रंग असतो. लोक हसले तर राजाला हसले, त्याला नव्हे. आणि तिसरी गोष्ट प्रॉम्प्टर. झाडीपट्टीच्या नाटकांत तालमी बहुधा थोड्या आणि भिस्त प्रॉम्प्टरवर मोठी. वाक्य अडलें कीं आडोशांतून तें पुरविलें जातें. ग्रामसभेंत शब्द स्वतःचे, तोंड उघडें, आणि अडलें तर पुरविणारा कोणी नाहीं. शिवाय नाटक पहाटे संपतें. सभेंत ज्याच्याविरुद्ध बोललों तो शेजारी दुसऱ्या दिवशीं पाण्याच्या पाळीवर भेटावयाचाच असतो. तेव्हां भीति वाटते ती बोलण्याची नव्हे. आपण स्वतः उघडे पडूं याची.

जे पुढें मोठे वक्ते झाले त्यांनाहि ही भीति चुकली नव्हती. १९३६ पासून ज्यांचें वास्तव्य वर्ध्याजवळच्या सेवाग्रामांत होतें त्या महात्मा गांधींनीं आपल्या आत्मकथेंत हें मोकळेपणानें लिहून ठेविलें आहे. बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टांत त्यांना पहिला दावा मिळाला; फी तीस रुपये. उलटतपासणीसाठीं ते उभे राहिले तों डोकें गरगरूं लागलें, एकहि प्रश्न सुचेना. ते खालीं बसले, आणि काम दुसऱ्या वकिलाकडे देऊन निघून गेले. पुढें १८९३ सालीं दक्षिण आफ्रिकेंत प्रिटोरिया येथें हिंदी व्यापाऱ्यांच्या बैठकीपुढें मात्र ते नीट बोलले. व्यापारांत सचोटी कशी पाळावी हा विषय त्यांनीं मनाशीं पुरता घोळविला होता, आणि समोरच्या लोकांना त्याची गरज आहे अशी त्यांची खात्री होती.

येथवरची कथा पुष्कळांस ठाऊक असते. पण तिचा पुढचा भाग अधिक शिकविणारा आहे. तीन वर्षांनीं, म्हणजे १८९६ सालीं, गांधी मुंबईस आले व सर फिरोजशहा मेथांनीं त्यांच्यासाठीं मोठी सभा बोलाविली. भाषण लिहून आणलें होतें, विषय त्यांच्या जिवाभावाचा होता. तरी त्या गर्दीपुढें त्यांचा आवाज कांपूं लागला. फिरोजशहा ‘मोठ्यानें, आणखी मोठ्यानें’ म्हणून धीर देत गेले, आणि आवाज खालींच जात राहिला. अखेर कागद केशवराव देशपांड्यांच्या हातीं दिला. परंतु लोकांनीं वाच्छांच्या नांवाचा पुकारा केला, म्हणून दिनशा वाच्छांनीं उभें राहून तें भाषण वाचलें आणि सभा जिंकली. म्हणजे एकदां गेलेली भीति पुन्हां परत येते. ती आली म्हणून मागचें सारें वायां गेलें असें मानणारा मनुष्य मात्र दुसऱ्यांदां उभा राहत नाहीं. खरा तोटा तोच. आणि ‘मोठ्यानें बोला’ असें ओरडून कोणाचा आवाज वाढत नाहीं, हेंहि सभा चालविणाऱ्यांनीं या प्रसंगावरून ध्यानांत घ्यावें.

स्त्रियांच्या वाट्याला ही अडचण दुहेरी येते. रमाबाई रानडे यांना पतीनें, न्यायमूर्ति महादेव गोविंद रानड्यांनीं, घरीं शिकविलें. नाशिकास मुलींच्या शाळेंतील समारंभांत त्यांना प्रथम बोलावें लागलें तेव्हां तें भाषण रानड्यांनींच लिहून दिलें होतें. पुढें पुण्यांत सभांना जाण्याबद्दल घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा रोष त्यांनीं किती सोसला हें त्यांच्या आठवणींत वाचावयास मिळतें. सभेंतले लोक बरे, घरचे कठीण, अशी ती स्थिति होती. त्याच रमाबाई १९०४ सालीं मुंबईच्या भारत महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि १९०९ सालीं पुण्याचें सेवासदन त्यांच्या हातून उभें राहिलें. दुसऱ्याच्या हातच्या कागदावरून केलेला आरंभ कमी दर्जाचा नसतो, एवढें यावरून दिसतें.

या भीतीच्या अंगांवर अलीकडे मानसशास्त्रज्ञांनीं प्रयोगहि केले आहेत. त्यांतले दोन साध्या माणसाच्या उपयोगाचे आहेत. सॅव्हिट्स्की व गिलोविच या अमेरिकन संशोधकांनीं २००३ सालीं असें दाखविलें कीं, आपली घाबरगुंडी श्रोत्यांना स्पष्ट दिसत आहे असें बोलणाराला जितकें वाटतें तितकी ती त्यांना दिसत नाहीं. छातीचे ठोके त्याच्याच कानांत वाजत असतात. तिसऱ्या रांगेंतल्या माणसाला ते ऐकूं येत नाहींत. ही गोष्ट ज्यांना आधीं समजावून सांगितली होती त्यांचीं भाषणें इतरांपेक्षां चांगलीं वठलीं. दुसरा प्रयोग अॅलिसन वुड ब्रूक्स या विदुषीचा, २०१४ सालचा. भाषणापूर्वी ‘मी शांत आहें’ असें स्वतःला बजावणारांपेक्षां ‘मला उमेद वाटते आहे’ असें म्हणणारांचीं भाषणें ऐकणारांना अधिक पटणारीं वाटलीं. याचें कारण उघड आहे. धडधडणाऱ्या छातीला शांत म्हणणें म्हणजे डोळ्यांदेखत खोटें बोलणें. मात्र भय आणि उमेद या दोहोंतहि छाती सारखीच धडधडते, म्हणून एकीचें नांव दुसरीला देणें सोपें जातें. पटाच्या दोरीवर उभ्या असलेल्या बैलजोडीलाहि धाप लागलेलीच असते. तिला कोणी भ्यालेली म्हणत नाहीं.

आतां उपायांकडे वळूं. त्यांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. नाटकाच्या तालमींत ते सगळे आहेत.

तालमीचा पहिला नियम असा कीं नक्कल तोंडानें पाठ करावयाची, डोळ्यांनीं नव्हे. मनांतल्या मनांत दहा वेळां घोळविलेलें वाक्य ओठांवर येतांच अनोळखी वाटतें, कारण जिभेनें तें कधीं उच्चारलेलेंच नसतें. तेव्हां जें सभेंत सांगावयाचें तें आधीं मोठ्यानें म्हणावें. शेतावर, गोठ्यांत, कोठेंहि. मग घरच्या एका माणसापुढें, मग ओसरीवर चार जणांपुढें. मात्र सबंध भाषण घोकूं नये. घोकलेल्या भाषणांतला एक शब्द निसटला कीं मागचे सगळे शब्द त्याच्याबरोबर जातात, आणि प्रॉम्प्टर तर येथें नसतोच. पाठ असावें तें फक्त पहिलें वाक्य आणि शेवटची मागणी. मधल्या मजकुरासाठीं चिठ्ठीवर तीन शब्द पुरेत: गट क्रमांक, नुकसानीची तारीख, अर्ज कोणाकडे दिला तें. हा कागदच प्रॉम्प्टरचें काम करतो.

पहिलें वाक्य पाठ असावें असें म्हणण्यांत एक मर्म आहे. भीतीचा जोर आरंभींच्या क्षणांत फार असतो. तेवढा वेळ जीभ आपोआप चालती राहिली, तर श्वास आपली गति परत धरतो. उठण्यापूर्वी श्वास आंत ओढण्यापेक्षां तो सावकाश बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यावें. सगळ्या सभेकडे पाहूं नये. एका ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून त्यालाच सांगितल्याप्रमाणें बोलावें. आकाशवाणीच्या बंद खोलींत ध्वनिक्षेपकापुढें प्रथम बसणारालाहि हीच युक्ति उपयोगीं पडते, कारण तेथें तर एकहि चेहरा नसतो आणि कल्पनेनेंच एक श्रोता समोर बसवावा लागतो.

दुसरें असें कीं नाटकांतहि कोणी पहिल्याच वर्षीं राजा होत नाहीं. आधीं भालदार व्हावें लागतें. सभेंतहि भालदाराचें काम आहे. एका सभेंत नुसता प्रश्न विचारावा: ‘मागच्या ठरावाचें काय झालें?’ पुढच्या सभेंत कोणाच्या तरी ठरावास अनुमोदन द्यावें; त्याला एक वाक्य लागतें, आणि तेंहि ठरीव. तिसऱ्या सभेंत आपली गोष्ट मांडावी. भीति टाळीत राहिल्यानें वाढते, कारण दर वेळीं गप्प बसण्यानें जो सुटकेचा आराम वाटतो तोच पुढच्या वेळीं गप्प बसावयास शिकवितो. ती कमी होते ती अशा पायरीपायरीनें.

पण दोष सगळा बोलणाराच्या छातीचा नव्हे. सभा कशी बसते यावरहि पुष्कळ अवलंबून असतें. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा म्हणून गोंड वस्तीचें एक लहान गांव आहे. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारें, आणि २०११ सालीं आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार पदरांत पाडून घेणारें गांव, म्हणून त्याची कीर्ति झाली. त्या कीर्तीच्या मागें तेथील बसण्याची रीति आहे. तेथें ग्रामसभा बहुमतानें चालत नाहीं. सर्वांची संमति होईपर्यंत विषय पुन्हां पुन्हां निघतो. आणि ग्रामसभेखेरीज तेथें अभ्यासगट आहेत. अभ्यासगटांत विषय समजून घ्यावयाचा असतो, निर्णय घ्यावयाचा नसतो. हा भेद बारीक दिसतो, पण लाजाळू माणसाच्या दृष्टीनें तोच मोठा आहे. ज्या बैठकींत कांहीं ठरावयाचें नाहीं तेथें बोलणाऱ्याच्या शब्दावर कांहीं टांगलेलें नसतें. चुकलें तर चुकलें, विचारलें तर विचारलें. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांचीं नांवें या कार्याशीं निगडित आहेत. वनहक्कासारखा कायद्याचा किचकट विषय ज्या गांवानें उलगडला तें गांव आधीं एकमेकांपुढें बोलावयास सरावलें होतें.

बायकांसाठीं कायद्यानेंहि अशी एक पायरी ठेविली आहे. महाराष्ट्रांत ग्रामसभेच्या आधीं महिलांची स्वतंत्र सभा घ्यावयाची असते. वनहक्काच्या ग्रामसभेंत उपस्थितांपैकीं निदान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात असाहि नियम आहे. परंतु नियम बाईला मंडपांत आणून बसवितो. तिचें तोंड तो उघडूं शकत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं महिलासभा सह्या घेण्यापुरतीच उरते. ती खरोखर भरली, आणि जें दुपारच्या मोठ्या सभेंत सांगावयाचें तें सकाळीं बायकांनीं एकमेकींपुढें बोलून पाहिलें, तर तीच त्यांची तालीम होय.

याहून एक काटा खोल रुतलेला आहे, आणि तो भाषेचा. झाडीबोलींत ‘ळ’च्या जागीं ‘र’ आणि ‘ण’च्या जागीं ‘न’ येतो. दंडारींत हीच बोली लोकांना पोट धरून हसविते, आणि तेथें तें हसणें मानाचें असतें. तोच माणूस सभेंत ‘पानी’ म्हणाला आणि खुर्चीवरचा कोणी गालांत हसला, तर तें हसणें निराळें. तें त्या माणसाचें तोंड वर्षभर बंद करतें. गोंडी ज्याची मातृभाषा त्याला तर प्रत्येक वाक्य मनांत मराठींत उलथवून घ्यावें लागतें, आणि तेवढ्यांत अध्यक्ष ‘पुढचा विषय’ म्हणून मोकळे होतात. येथें धीटपणाचे उपदेश कुचकामाचे आहेत. ज्यानें हसूं नये त्यानें हसूं नये, आणि ज्यानें थांबावें त्यानें थांबावें, हाच उपाय. सभेच्या अध्यक्षानें पहिल्यांदां बोलणाऱ्यास मध्येंच तोडूं नये. त्याचें बोलणें झाल्यावर, ‘तुमचें म्हणणें असें असें ना?’ म्हणून तें त्याच्याच शब्दांत एकदां उच्चारावें, आणि ग्रामपंचायतीच्या सचिवानें तें लिहून घेतलें कीं नाहीं हें पाहावें. बोलणाऱ्यानेंहि ‘असें लिहा’ असें सांगावें.

कांहीं थोड्या माणसांची भीति मात्र या उपायांस दाद देत नाहीं. हजेरी देतांना घाम फुटतो म्हणून मूल शाळा सोडतें, मुलाखत नको म्हणून तरुण नोकरीचा अर्जच करीत नाहीं, असें दिसलें तर तो स्वभाव म्हणून सोडून देऊं नये. ती मनाची दुखणी आहे, तीवर उपचार आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञांकडे जाण्यांत लाज नाहीं. दारूचा घोट घेऊन धीर आणणें हें मात्र उपचारांत मोडत नाहीं. तो धीर बोलणाऱ्याचा नसतो, आणि सभेला तें लगेच कळतें.

सभेंत जें बोललें जात नाहीं तें इतिवृत्तांत येत नाहीं. इतिवृत्तांत जें नाहीं तें पंचायत समितीच्या कचेरींत घडलेंच नाहीं असें धरलें जातें. टपरीवर सांगितलेली रानडुकरांची हकीकत कितीहि खरी असली तरी तिची नोंद कोणत्याहि वहींत होत नाहीं, आणि नुकसानभरपाईचें काम लेखी कागदावरून चालतें, तोंडी बोलण्यावरून नव्हे.

ग्रामसभा पुष्कळ गांवीं २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं भरतात. यांपैकीं ऑक्टोबर ते जानेवारी या मधल्या काळांतच झाडीपट्टीच्या ओसऱ्यांवर रात्रीं कंदिलाऐवजीं आतां विजेच्या दिव्याखालीं तालमी चालतात, पेटी वाजते, नक्कल अडली कीं कोणी तरी ती पुरवितो. तालीम आटोपल्यावर मंडळी उठण्यापूर्वी पांच-दहा मिनिटें उरतात. ज्याचा धान गेला असेल त्यानें तेवढ्या वेळांत, तोंडाला रंग नसतांना, त्याच मंडळींपुढें आपलें एक वाक्य मोठ्यानें म्हणून पाहावें.